बिछायतवाल्याच्या पेटीतल्या तबकड्या: विदर्भाच्या खेड्यांतून दुर्मिळ रेकॉर्ड कशा शोधाव्यात, धुवाव्यात आणि जपाव्यात

नावाजलेल्या गायकांच्या तबकड्या मिळवणं अवघड नाही. मुंबईच्या चोरबाजारात त्या ढिगाने पडलेल्या असतात, ऑनलाइनही मिळतात. ज्यांचं नाव जिल्ह्याबाहेर फारसं गेलं नाही, त्यांच्या तबकड्या मिळवणं खरं अवघड. कव्वाली पार्ट्या, भजनी मंडळं, शाहिरी पथकं, तमाशाचे फड, भीमगीतं गाणारे संच, छोटे ऑर्केस्ट्रे यांच्यापैकी कित्येकांची एखाद-दुसरी तबकडी निघाली आणि ती परत कधीच छापली गेली नाही. ना तिची कॅसेट आली, ना सीडी. अशी तबकडी आज टिकून असेल, तर कुणाच्या तरी कोठीतल्या लोखंडी पेटीत. विदर्भात ही पेटी बहुतेक वेळा बिछायत केंद्रवाल्याची असते.

याला कारण आहे. लग्न, बारसं, जयंती, उरूस, निवडणूक, काहीही असो, सतरंज्या आणि भांड्यांसोबत भोंगा, अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर भाड्याने देणारा माणूस एकच असायचा. गिऱ्हाईक मागेल ते वाजवायचं, म्हणून तो सगळ्या प्रकारच्या तबकड्या ठेवायचा: १४ एप्रिलला लागणारी भीमगीतं, उरुसाच्या कव्वाल्या, सप्ताहाची भजनं, हळदीची गाणी. घरगुती शौकिनाकडे त्याच्या एका आवडीच्या तबकड्या सापडतात. बिछायतवाल्याकडे गावाची आवड सापडते.

आधी हातात काय येणार ते ओळखा

तीन प्रकार. पहिला मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, २५ सेंटिमीटर व्यासाचा, जड आणि ठिसूळ. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं एक गाणं. हा लाखेचा असतो. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर, कुसुमावर जी लाख होते तीच शुद्ध करून, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून या तबकड्या दाबल्या जायच्या. पडली की फुटते आणि स्पिरिट लागलं की विरघळते, या दोन गोष्टी शेवटपर्यंत लक्षात ठेवा. भारतात ७८ च्या तबकड्या साधारण १९७० पर्यंत निघत राहिल्या. त्यामुळे ‘७८ म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीची’ असं धरू नका.

दुसरा प्रकार ४५ फेऱ्यांची ईपी. १७.५ सेंटिमीटर, विनाइल या प्लास्टिकची, हलकी, एका बाजूला बहुधा दोन गाणी. छोट्या पार्ट्यांसाठी सगळ्यात जास्त शोधायची ती हीच. एलपीपेक्षा ती स्वस्त पडायची, म्हणून कंपन्या नव्या नावांना आधी ईपीवर आणायच्या. याच आकारात ३३⅓ फेऱ्यांच्याही काही तबकड्या आहेत, तेव्हा वाजवण्याआधी लेबल वाचा. तिसरा प्रकार ३० सेंटिमीटरची एलपी. तिच्यावर छोटी पार्टी एकटी क्वचितच असते, चार-पाच कलावंतांच्या संकलनात मात्र असते.

लेबलं ओळखता आली पाहिजेत. ग्रामोफोन कंपनीचं एचएमव्ही सगळ्यांना माहीत आहे. त्याच कंपनीची कोलंबिया आणि ओडियन ही लेबलं आहेत. १९७० च्या आसपास पॉलिडोर आलं, आणि इन्रेकोही सापडतं. ७८ मध्ये ‘यंग इंडिया’ दिसली तर हातातली दुसरी कामं बाजूला ठेवा. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं हे लेबल १९३५ च्या सुमारास सुरू झालं आणि त्याने नवख्या मराठी कलावंतांना भरपूर जागा दिली. त्यांतल्या अनेकांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

उचलण्याचा नियम सोपा आहे: लेबलवरचं नाव ओळखीचं नसेल, तर ती तबकडी आधी उचला. ‘आणि पार्टी’, ‘आणि मंडळी’, ‘आणि संच’ असं छापलेलं असेल तर आणखी लक्ष द्या. एखाद्या देवस्थानासाठी, कारखान्यासाठी, प्रचारासाठी काढलेली, विक्रीला न ठेवलेली तबकडी दिसली तर तीही सोडू नका.

शोध कुठे आणि कसा घ्यायचा

तालुक्याच्या गावापासून सुरुवात करा. खेड्यातल्या साऊंड सर्व्हिस अलीकडच्या असतात, डीजेच्या काळातल्या. तालुक्याच्या जुन्या बाजारओळीत मात्र तीन पिढ्यांचं बिछायत केंद्र सापडतं. मालक तरुण असेल तर त्याच्या वडिलांशी किंवा आजोबांशी बोलायला मिळावं म्हणून विनंती करा, कारण पेटी कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं.

विचारताना एकच शब्द धरून बसू नका. कुणी रिकार्ड म्हणतं, कुणी प्लेट, कुणी तबकडी, कुणी फोनोचं ताट. “काकाजी, आधी लग्नात भोंग्यावर ज्या काळ्या रिकार्डी लावत होते, त्या आहेत का अजून?” एवढं पुरतं. उत्तर बहुतेक “हाव, हायेत ना, पन कोठीत पडल्या असतीन” असं येतं. तेव्हा लगेच विकत घेण्याची भाषा करू नका. आधी पाहायला मागा, पुसून द्यायची तयारी दाखवा, एखादी वाजवून दाखवा. ज्या घराने तीस वर्षांत ते गाणं ऐकलेलं नाही, तिथे एक ईपी वाजली की सगळी माणसं ओसरीवर गोळा होतात आणि दुसरी पेटी आपोआप बाहेर येते.

पेटी उघडली की तबकड्यांआधी वही शोधा. भोंगेवाले लेबलवर शाईने किंवा रंगाने नंबर टाकायचे आणि त्या नंबराची गाणी वहीत लिहायचे, म्हणजे रात्री मांडवात कंदिलाच्या उजेडातही हवी ती तबकडी हाती लागावी. या वहीत फुटलेल्या, हरवलेल्या तबकड्यांचीही नावं असतात. ती विकत मिळाली नाही तर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. लेबलवरचा तो नंबर कधीही खरवडू किंवा पुसू नका. तबकडी कोणत्या गावच्या, कोणाच्या पेटीतली याचा तो एकमेव पुरावा आहे.

बिछायतवाल्यांनंतर रेडिओ दुरुस्तीची जुनी दुकानं, बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचे मालक, बसस्टँडजवळची जुनी हॉटेलं, दर्ग्याचे आणि देवळाचे विश्वस्त. भंगारवाल्यांशी ओळख ठेवा, पण त्यांना नीट सांगून ठेवा की कव्हर फाटलं तरी चालेल, तबकड्या आडव्या रचून वर लोखंड टाकू नका.

इंग्रजी गाणाऱ्या भारतीय बीट ग्रुपांच्या, म्हणजे रॉक बँडांच्या, तबकड्या हव्या असतील तर दिशा बदलते. त्या गावात नाही, वसाहतीत सापडतात: पुलगाव, भद्रावती, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर इथल्या संरक्षण खात्याच्या वसाहती, कामठीची छावणी, बल्लारपूरची पेपरमिल कॉलनी, अजनी-बडनेऱ्याची रेल्वे क्वार्टर्स, मिशनची जुनी रुग्णालयं. अधिकाऱ्यांची बदली झाली की सामान इथेच विकलं जायचं. सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिम्ला बीट स्पर्धेतल्या बँडांच्या १९७० आणि १९७१ च्या एलपी, किंवा १९८१ ची ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडची एलपी, यांना जगभर गिऱ्हाईक आहे. त्यांची नवी पुनर्मुद्रणं निघाली आहेत, म्हणून ‘मूळ’ म्हणून जास्त पैसे देण्याआधी पुठ्ठ्याचं वय, लेबलची छपाई आणि आतल्या कोऱ्या कड्यावर कोरलेला नंबर ताडून पाहा.

हंगाम सांभाळा. दिवाळीच्या आधी घरं सारवायला, रंगवायला काढतात तेव्हा कोठी रिकामी होते. भंगारात जाण्याआधी पोचायचं असेल तर ते पंधरा दिवस महत्त्वाचे. फिरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये बिछायतवाल्याला बोलायला वेळ नसतो आणि ऊन तबकड्यांच्या जिवावर उठलेलं असतं.

जागेवरच तपासणी

तबकडी कडेने आणि मधल्या लेबलला धरून उचला, खाचांना बोट लागू देऊ नका. दारात उभं राहून उजेड तिरपा पडेल अशी धरा. सरळ उजेडात सगळ्याच तबकड्या चांगल्या दिसतात.

७८ ची तबकडी भोकात बोट घालून लोंबती धरा आणि कडेवर नखाने हलकेच टिचकी मारा. बाजारात माठ घेताना जसा वाजवून पाहतात, तसाच हा प्रकार: धड असेल तर खणखणीत, केसाएवढी चीर असेल तर बद्द आवाज. चीर भोकापासून सुरू होऊन लेबलखाली लपलेली असते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

मग झीज पाहा. नव्या खाचा काळ्याभोर चमकतात, झिजलेल्या राखाडी दिसतात. भोंगेवाल्यांच्या ७८ बोथट झालेल्या सुईने वाजवलेल्या असतात. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, पण रात्रभराच्या कार्यक्रमात ती कोण बदलणार? अशा तबकडीचा जोराच्या आवाजाचा भाग आधी करडा पडतो. लेबलवर भोकाभोवती जाळ्यासारखे ओरखडे असतील तर ती खूप वाजली आहे असं समजा. तबकडीची चालती बाजू झिजते आणि मागची बाजू नव्यासारखी राहते. आपल्याला हवी असलेली अनोळखी पार्टी कित्येकदा त्या मागच्या बाजूलाच असते. ईपीतही पहिलं गाणं गेलेलं आणि दुसरं शाबूत, असं सर्रास दिसतं. म्हणून एका बाजूवरून निकाल देऊ नका.

वाकलेली आहे का ते डोळ्याच्या रेषेत आडवी धरून पाहा. पत्र्याखालच्या किंवा कवेलूखालच्या माळ्यावर ठेवलेल्या ढिगात सगळ्यात वरच्या तबकड्या उन्हाने वाकतात आणि सगळ्यात खालच्या ओझ्याने. ढीग मधूनही काढून पाहा, तिथे चांगला माल असतो. कव्हरवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती उधई. तबकडीला ती काही करत नाही, पण ते कव्हर घरातल्या बाकी कव्हरांजवळ नेऊ नका.

फुटलेली पण दुर्मिळ ७८ टाकू नका. तुकडे वेगवेगळ्या कागदात गुंडाळा, कडा एकमेकींवर घासू देऊ नका. फेव्हिक्विकने जोडायचा मोह टाळा. गोंद खाचांत उतरला की ती कायमची गेली. नीट सांभाळलेल्या तुकड्यांवरून जाणकार माणूस एकदा वाजवून ध्वनी संगणकावर काढून घेऊ शकतो.

भाव

यावर फार लिहिण्यासारखं नाही. गठ्ठ्याने घेतलं तर प्रत्येकी भाव कमी पडतो, पण अर्धा गठ्ठा सगळीकडे मिळणाऱ्या सिनेमाच्या तबकड्यांचा असतो आणि तो तुमच्या घरात जागा अडवतो. डिस्कॉग्ज या तबकड्यांच्या वेबसाइटवर एखादी तबकडी प्रत्यक्षात कितीला विकली गेली तो इतिहास दिसतो. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो, दुसरी पाहा. तिथे तिची नोंदच नसेल तर ती मौल्यवान आहे असं लगेच ठरवू नका. विदर्भातल्या कित्येक तबकड्यांची नोंद करायला अजून कुणी बसलेलंच नाही.

एक गोष्ट ठामपणे: एखादी तबकडी महाग आहे हे तुम्हाला माहीत असेल तर ते मालकाला सांगा आणि त्याप्रमाणे पैसे द्या. खेड्यात बातमी फिरते. फसवून घेतलेल्या एका तबकडीमुळे पुढच्या दहा गावांच्या पेट्या बंद होतात. विकायची इच्छा नसेल तर चार दिवसांसाठी मागून, धुऊन, ध्वनी काढून परत द्या. आपल्याला हवा तो आवाज, तबकडी त्यांच्या घरी राहिली तरी चालते.

घरापर्यंत नेणं

तबकड्या नेहमी उभ्या न्या. एसटीत किंवा मोटरसायकलवर आडवा ढीग नेला की प्रत्येक खड्ड्याला वरचं वजन खालच्यांवर आदळतं, आणि ७८ तर हमखास तडकतात. जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला दुमडलेली चादर, प्रत्येक ७८ मध्ये वर्तमानपत्राची दोन पानं, आणि शेवटी खोका इतका भरा की तबकड्या हलणार नाहीत, पण बोटाने एक सहज उपसता येईल. एका खोक्यात पंचवीस-तीसपेक्षा जास्त ७८ नकोत. शंभर एलपी कव्हरांसह साधारण २५ किलो भरतात, हे वाहन ठरवताना धरून चाला.

उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या आत ६० च्या वर जातं, आणि तिथे विनाइल मऊ पडतं. सकाळी नऊच्या आत प्रवास उरका.

धुणं

भोंगेवाल्याच्या तबकडीत धूळ तर असतेच, शिवाय गुलाल, हळद, तेलकट बोटं आणि सुईने पाडलेला भुगा असतो. कोरड्या फडक्याने ती कधीही पुसू नका. धुळीचे खरखरीत कण खाचांत घासले जातात आणि नवे ओरखडे पडतात. आधी मऊ ब्रशने सुटी धूळ झटका, मगच पाणी.

पाणी कोणतं, हा इथला मोठा प्रश्न. बोअरचं पाणी अजिबात नको. विदर्भात बऱ्याच भागात ते जड असतं आणि वाळल्यावर खाचांत क्षाराचा पांढरा थर सोडतं. मग तबकडी धुतल्यावर आधीपेक्षा जास्त खरखरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, ते खेड्यातही मिळतं. बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलेलं असावं. बॅटरीचं ॲसिड शेजारीच ठेवलेलं असतं, घेताना बाटली नीट पाहा.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या भांडी घासायच्या लिक्विडचे तीन थेंब. जास्त नको, फेस खाचांत राहिला तर सुईवर चिकट गोळा जमतो. लेबलच्या मापाचं, साधारण १० सेंटिमीटरचं प्लास्टिकचं झाकण लेबलवर दाबून धरा, लेबल भिजलं की शाई पसरते. तबकडी स्वच्छ टॉवेलवर ठेवा, द्रावण ओता, दोन मिनिटं मुरू द्या. मग मऊ केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत घासा, आतून बाहेर आडवं नाही. त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. एका एलपीला सगळं मिळून पाव लिटरभर पाणी लागतं. पाणी मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्या आणि सावलीत उभी करून निदान दोन तास वाळू द्या. ओलसर तबकडी कव्हरात घातली तर पावसाळ्यात आठवडाभरात बुरशी येते.

बुरशीचे पांढरे, जाळीदार ठिपके असतील तर धुणं अंगणात करा, नाक-तोंड बांधा आणि तो ब्रश दुसऱ्या तबकडीला वापरू नका. विनाइलच्या हट्टी डागांसाठी चार भाग पाण्यात एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. ७८ ला मात्र कोणतंही स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर लावू नका. लाख त्यात विरघळते, वरची चकाकी जाते आणि आवाजही जातो. ७८ फार वेळ पाण्यात ठेवू नका, कारण काहींच्या गाभ्यात कागद किंवा पुठ्ठ्याचा थर असतो आणि पाणी कडेने आत गेलं की ती फुगते.

वाकलेली सरळ करणं

पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या, ३५ सेंटिमीटरच्या दोन काचा घ्या, कडा घासून घेतलेल्या. धुतलेली तबकडी मध्ये ठेवा, वर पाच-सहा किलो वजन सारखं पसरून ठेवा आणि सावलीतल्या खोलीत महिनाभर विसरून जा. उन्हाळ्यात खोलीची ४० अंशांची ऊब पुरेशी असते. उन्हात काच ठेवण्याचा सल्ला ऐकू नका. काचेखाली उष्णता कोंडते, दहा मिनिटांत खाचा सपाट होऊ शकतात आणि ते परत येत नाही. ताटलीसारखी खोलगट झालेली तबकडी याने बरीच सुधारते. कडेला एकाच जागी चुणी पडलेली असेल तर फारशी आशा नको.

वाजवणं

सगळ्यात जास्त तबकड्या इथे मरतात. चावीच्या फोनोवर ईपी किंवा एलपी कधीही लावू नका. त्याच्या मुंडीचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढे असतं आणि पोलादी सुई विनाइल एका फेरीत सोलून काढते. एलपीच्या सुईचं टोक १८ ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं, ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉनचं लागतं. एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तिथला कचराच तुम्हाला ऐकवते. लोक मग तबकडी खराब म्हणून ठेवून देतात, खरं तर सुई चुकलेली असते.

जुन्या एचएमव्ही फिएस्टासारख्या प्लेअरमध्ये सुई उलटवायची सोय असलेले नग मिळतात, एक टोक ७८ चं, दुसरं एलपीचं. अशा प्लेअरच्या सुईचा तबकडीवरचा दाब पाच ग्रॅमच्या पुढे असतो, त्याची सुई जुनी असेल तर आधी बदला. आत रबरी चाक असतं, ते वर्षानुवर्षं न फिरता पडून सपाट होतं आणि आवाज लयीत डुलतो. चाक काढून बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा, तरी नाही सुधारलं तर नवीन बसवा. नवा टर्नटेबल घ्यायचा असेल तर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग असलेलाच घ्या. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्समध्ये ते आहेत आणि त्याच्या व्हीएम९५ कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते त्या मुंडीला) व्हीएमएन९५एसपी ही ७८ ची सुई नुसती ओढून बदलता येते. एलपीला दोन-अडीच ग्रॅम, ७८ ला तीन ते पाच, पण शेवटचा आकडा सुईसोबतच्या कागदावरचा. दाब फार कमी ठेवणं हीसुद्धा चूक आहे: सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. ऑटोचेंजरच्या, म्हणजे एकामागून एक तबकड्या आपोआप खाली टाकणाऱ्या प्लेअरच्या, दांड्यावर ७८ रचून टाकू नका, पडताना तडकते.

वेग मोजायला तबकडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा, सुई टेकवून ठेवा आणि मोबाइलचं घड्याळ लावा. ३३⅓ चा वेग बरोबर असेल तर ३ मिनिटांत नेमके १०० फेरे होतात, ४५ चे मिनिटाला ४५. ७८ साठी स्ट्रोबचा छापील कागद लागतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला ७७ पट्ट्यांचा, आणि तो साध्या पिवळ्या बल्बखाली पाहायचा; वेग बरोबर असेल तर पट्ट्या थांबल्यासारख्या दिसतात. बहुतेक एलईडी त्या लयीत लुकलुकत नाहीत.

खेड्यातल्या विजेने दोन त्रास होतात. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की दाब पडतो, त्याला स्टॅबिलायझर लावा. आणि स्वस्त इन्व्हर्टरवर अँप्लिफायरमधून घूं असा आवाज येतो, तेव्हा ध्वनी काढायचं काम इन्व्हर्टरवर करू नका. घूं सरळ विजेवरही येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार अँपच्या स्क्रूला जोडली आहे का ते पाहा.

ठेवणं

उभ्या, सरळ, न कलता. रॅक जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर, भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे उधईची नळी वेळीच दिसते. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट दुपारी भट्टीसारखं तापतं, ती जागा टाळा. कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. विदर्भाच्या उन्हाळ्यात कोरडेपणामुळे बुरशी येणार नाही असं वाटतं, पण कूलर रात्रभर ओली हवा फेकतो आणि कव्हरं ओशट होतात. आतला कागदी पाकीट फाटलेलं असेल तर साध्या पॉलिथिनचं घाला. जाड, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांत विनाइलवर धुकट डाग पाडतात. पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करू नका. डांबरगोळ्या नकोत, दर पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्या बदला.

नोंद आणि ध्वनी काढून ठेवणं

तबकडी घरी आली त्याच दिवशी लिहून काढा: लेबल, कॅटलॉग नंबर, कोऱ्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, दोन्ही बाजूंची गाणी, गायक, गीतकार, संगीत, कोणत्या गावातून आली, भोंगेवाल्याचा नंबर. वर्तुळातल्या पी या चिन्हापुढे वर्ष छापलेलं असेल तर ते. ७८ वर वर्ष नसतंच, ते नंबरांच्या क्रमावरून काढावं लागतं. त्यासाठी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या १९९० पासूनच्या संस्थेच्या लोकांनी केलेलं काम उपयोगी पडतं. कलावंत हयात असतील तर गावच्या लोकांना विचारून त्यांना भेटा. संचात ढोलकी कुणाची, पेटी कुणाची हे लेबलवर नसतं आणि तेवढं सांगणारी माणसं थोडीच उरली आहेत.

ध्वनी ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. दर मिनिटाला साधारण ३५ एमबी जागा लागते. आवाजाचं टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ७८ आणि जुन्या ईपी मोनो असल्या तरी स्टिरिओतच घ्या: खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते, मग जी बाजू स्वच्छ ऐकू येते ती ठेवता येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, वीज गेली तरी फाइल वाचते. खरखर काढणारे फिल्टर मूळ फाइलवर लावू नका, तिची प्रत करून त्यावर लावा. फार स्वच्छ केलेल्या ध्वनीत खंजिरीच्या चकत्याच गायब होतात.

सार्वजनिक ठिकाणी टाकण्याआधी कायदा पाहा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ज्या घरातून तबकडी आली त्यांना मात्र त्याच आठवड्यात एमपी३ करून मोबाइलवर पाठवा. त्यासोबत लेबलचा फोटोही पाठवा, म्हणजे नाव वाचून कुणीतरी पुढच्या पेटीचा पत्ता कळवतं.